दर्पणातले न दिसणारे रूप

नववीत असताना एका तासाला आमच्या मराठीच्या बाईंनी पुस्तके मिटायला सांगितली, 'घनु वाजे घुणघुणा' ही ज्ञानेश्वरांची विरहिणी, म्हणजे विरहात तळमळणाऱ्या स्त्रीच्या तोंडची रचना, फळ्यावर पूर्ण लिहिली आणि एकच प्रश्न विचारला: हिला आरशात स्वतःचे रूप का दिसत नाही? लता मंगेशकरांच्या आवाजातले आणि हृदयनाथांच्या चालीतले हे गाणे आम्हाला पाठ होते, पण त्याचा अर्थ विचारायचा असतो हे आमच्या मनातही आले नव्हते.

चांदणे, चाफा, चंदन यांपैकी काहीच आवडत नाही, चंदनाची चोळी अंग पोळते आणि फुलांची शेज आगीसारखी भाजते, इथपर्यंत आम्ही सहज पोहोचलो. विरहात शीतल वस्तू दाहक होतात हा संस्कृत काव्यातला जुना संकेत आहे, असे बाईंनी थोडक्यात सांगितले आणि त्या पुन्हा शेवटच्या कडव्याकडे वळल्या: 'दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें । बापरखुमादेविवरें मज ऐसें केलें ॥'

डोळे पाण्याने भरल्यामुळे तिला काही दिसत नसेल, असे उत्तर मी वहीत लिहिले. बाईंनी ते खोडले नाही. त्याखाली फक्त लिहिले, 'क्रियापदे पाहा.'

ते पाहायला मला बरीच वर्षे लागली, याची खंत आजही वाटते. एक कडवे सोडले तर ही विरहिणी सतत कोणाकडे तरी काहीतरी मागत असते. कान्ह्याला लवकर भेटवा, ही आग विझवा, कोकिळेला गाऊ देऊ नका, अशी ती मैत्रिणींना विनवत राहते. शेवटच्या कडव्यात मात्र मागणे अजिबात नाही आणि क्रियापद भूतकाळी आहे: 'केलें'. ज्याच्या भेटीसाठी ती तळमळत होती, त्यानेच तिचे असे करून ठेवले आहे आणि ते घडूनही गेले आहे. आरशात 'आपुले' रूप नाही, कारण 'आपुले' म्हणून वेगळे काही उरलेले नाही, असा अर्थ मी आज लावतो. 'बापरखुमादेविवरु' ही ज्ञानदेवांची नाममुद्रा असल्यामुळे स्त्रीच्या तोंडून बोलणारा कवीही इथे त्याच नावात मिसळून जातो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका तरुण संताने हे इतक्या थोड्या शब्दांत बसवले आहे, याचे मला अपार आश्चर्य वाटते.

एवढे उमगल्यावर मी ती रचना शेवटापासून उलट वर वाचत गेलो आणि पहिल्याच ओळीशी थबकलो. आभाळातला ढग गडगडतो, घुणघुणत नाही. तो नाद इतका हलका, इतका जवळचा का आहे, हे विचारायला मी बाईंकडे जायला हवे होते.