तुम्ही विचारलेत म्हणून : आधी सांगा, जेवायला काय आहे?

‘तुम्ही एवढ्या बाटल्या चाखता, मग चांगली वाइन कोणती ते एकदा सांगून टाका ना,’ असे लोक मला दुकानात, सोसायटीच्या जिन्यात आणि लग्नाच्या पंगतीतही विचारतात. मी त्यावर उलट विचारतो, ‘जेवायला काय आहे?’ पुष्कळांना वाटते की मी उत्तर टाळतो आहे किंवा महागाची बाटली गळ्यात मारण्याआधी अंदाज घेतो आहे. तसे नाही. ताटात काय वाढले जाणार आहे, बाटली आजच उघडायची आहे की महिन्याने, आणि ती घरी नेताना तुम्ही वाटेत आणखी कुठे थांबणार आहात, एवढे कळल्याशिवाय मला बाटलीचे नाव सांगता येत नाही. असे का, ते गिऱ्हाइकांच्या गर्दीत नीट सांगणे जमत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

पुण्यात औंधमधल्या आमच्या दुकानावर ‘वाइन्स’ अशी पाटी आहे, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वाइन शॉपप्रमाणे आमचीही मुख्य विक्री व्हिस्की, रम आणि बिअरची आहे. वाइनची मांडणी मागच्या भिंतीला, एसीच्या झोताखाली आहे. आमच्या परवान्यात सीलबंद बाटली विकण्याची मुभा आहे, ती दुकानात उघडता येत नाही. कापडवाला तागा उलगडून दाखवतो, मिठाईवाला बर्फीचा तुकडा हातावर ठेवतो, तसे मला काहीच करता येत नाही. माझ्याकडे फक्त शब्द असतात. ते शब्द खरे ठरावेत म्हणून, जी वाइन मी स्वतः चाखलेली नाही तिची शिफारस करायची नाही, हा नियम मी 17 वर्षे पाळत आलो आहे.

चाखणे म्हणजे पिणे नव्हे, हे येथे सांगून ठेवतो. वितरकांच्या कार्यक्रमात एका दुपारी वीस-बावीस वाइन समोर येतात. ग्लास दांड्याला धरायचा, पांढऱ्या कागदासमोर रंग पाहायचा, ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडभर घोळवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. मग वहीत लिहायचे. परदेशी माहितीपत्रकांत गूजबेरी, ब्लॅककरंट असे शब्द असतात. ती फळे माझ्या गिऱ्हाइकांनी खाल्लेली नसतात आणि मीही क्वचितच खाल्ली आहेत. म्हणून माझ्या वहीतले शब्द मंडईतले आणि स्वयंपाकघरातले आहेत. नाशिकच्या सोव्हिन्यो ब्लांक या पांढऱ्या वाइनपुढे ‘पेरू, ढोबळी मिरची, नुकते कापलेले गवत’ असे लिहिलेले आहे, आणि ढोबळी मिरचीचा तो वास कल्पनेतला नसून मिरचीतले आणि त्या द्राक्षातले वासाचे द्रव्य खरोखरच एक आहे. शिराझ या लाल वाइनला काळ्या मिरीचा वास येतो तोही असाच, कारण मिरीतला रोटंडोन हा घटक शिराझच्या सालीत सापडतो. लाल वाइनमधल्या टॅनिनसाठी तर आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळून येते, तेच टॅनिन. एवढे सांगितले की सत्तरीच्या आजोबांनाही लगेच समजते.

आता ताटाकडे येतो, कारण चांगल्या वाइनचा निकाल तिथेच लागतो. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी कोल्हापूरच्या पाहुण्यांसाठी माझ्याकडून काबर्ने सोव्हिन्यो या परदेशी लाल वाइनची चांगली महाग बाटली नेली. बेत तांबड्या रश्श्याचा होता, आणि मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ते आले, रागावलेले नव्हते पण हिरमुसले होते. म्हणाले, ‘अहो, जाळ झाला नुसता. वाइन कडू लागली आणि रस्सा दुप्पट तिखट.’ वाइनमध्ये काहीही बिघाड नव्हता. मिरचीने भाजलेल्या जिभेवर तुरटपणा अधिक बोचतो आणि वाइनमधले अल्कोहोल ती आग वाढवते. 14 टक्क्यांची तुरट लाल वाइन आणि तांबडा रस्सा हे एकमेकांचे वैरी आहेत. त्याच रश्श्याबरोबर किंचित गोडसर, चांगली थंड केलेली शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन दिली असती, तर गोडीने तिखट शमले असते आणि रश्श्याचा मसाला ओळखू आला असता. त्या दिवसापासून ‘जेवायला काय आहे’ हा माझा पहिला प्रश्न झाला.

शेनिन ब्लांकबद्दल मला विशेष आपुलकी आहे. 2000 साली नाशिकच्या सुला वाइनयार्ड्‌सच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या, त्या सोव्हिन्यो ब्लांक आणि शेनिन ब्लांक याच होत्या, आणि मिसळीपासून मालवणी कोंबडीपर्यंत आपल्या तिखटाला सांभाळून घेणारी, खिशाला परवडणारी दुसरी वाइन मला अजून सापडलेली नाही. तळणीबरोबर मात्र मी फसफसणारी वाइन सुचवतो. बटाटेवडा, कांदाभजी, सुरमईची तुकडी यांचे तेल बुडबुड्यांनी आणि आंबटपणाने जिभेवरून साफ धुऊन निघते, आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला शांदों कंपनीची फसफसणारी वाइन होते, ती शॅम्पेनच्याच पद्धतीने, म्हणजे बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून. शॅम्पेन हे नाव मात्र फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रांतातल्या वाइनला लावतात, म्हणून लेबलवर ते दिसणार नाही. कोथिंबीर वडी आणि हिरव्या वाटणाचे मासे यांना सोव्हिन्यो ब्लांक. सुक्या मटणाला, विशेषतः खोबरे आणि काळा मसाला भाजून केलेले असेल आणि मिरची बेताची असेल तर, शिराझ. अकलूजच्या फ्रातेली या वाइन कंपनीने इटलीची सांजोवेजे ही लाल वाइनच्या द्राक्षाची जात सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात लावली आहे. टोमॅटोच्या आंबट रश्श्यापुढे ती कमी पडत नाही.

गोडाबद्दल नियम एकच आहे, वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. पुरणपोळीबरोबर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली वाइन घेतलीत तर ती ताकासारखी आंबट लागेल. उशिरा तोडलेल्या, वेलीवरच साखर वाढलेल्या द्राक्षांची ‘लेट हार्वेस्ट’ वाइन छोट्या बाटलीत मिळते, ती चालते. आमरसाबरोबर काय घ्यावे असे दर मे महिन्यात कोणीतरी विचारते. काहीही घेऊ नये, आमरस खावा.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. धंद्यातल्या माझ्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, वाइनची खोकी घेऊन आलेला एका वाहतूकदाराचा टेम्पो दुपारभर उन्हात उभा राहिला. खोकी उतरवताना हाताला गरम लागत होती. मी ती गोदामात लावली आणि विसरलो. पंधरा दिवसांनी एक ताई त्यातली लाल वाइनची बाटली परत घेऊन आल्या आणि काही न बोलता त्यांनी ती गल्ल्यासमोर ठेवली. बाटलीच्या गळ्यावरची टोपी मधोमध फुगली होती. ती सोलून पाहिली, तर बूच काठाच्या वर सुमारे तीन मिलिमीटर आलेले होते आणि त्याच्या अंगावरून वाइनची एक वाळलेली जांभळी रेघ खालपासून वरपर्यंत गेली होती. उष्णतेने वाइन आतल्या आत फुगली, तिने बूच वर ढकलले, आणि थंड झाल्यावर बाटलीत हवा शिरली. घरी नेऊन चाखली तेव्हा ताज्या फळाचा मागमूस नव्हता. बुडाला लागलेल्या मुरंब्यासारखी चव होती. त्या खेपेतल्या उरलेल्या सगळ्या बाटल्या मी मोडीत काढल्या आणि ज्यांना विकल्या होत्या त्यांतल्या आठवतील तेवढ्यांना फोन केले. नुकसान मोठे झाले, पण त्याहून अधिक लागले ते त्या ताईंचे काही न बोलणे. त्यानंतर वाइनची मांडणी काचेच्या दर्शनी भागातून उचलून मी मागच्या भिंतीला नेली, आणि मार्च ते जून या काळात खोके हाताला गरम लागले तर ते मी उतरवून घेत नाही.

म्हणून तुम्हालाही सांगतो. बाटली गाडीच्या डिकीत ठेवून सिनेमाला जाऊ नका. ‘लाल वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी आहे, तिथे ते 16-18 अंश असते. पुण्यातली एप्रिलमधली खोली तीसच्या वर जाते. लाल वाइनही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी दोन-तीन तास. बर्फाचा खडा मात्र ग्लासात टाकू नये, कारण तो विरघळून वाइन पांचट करतो.

बाटली हातात घेतली की आधी लेबलवरचे तोडणीचे वर्ष पाहावे. आपल्याकडे कडक थंडी नसल्याने द्राक्षवेल खऱ्या अर्थाने झोपी जात नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्या करून वर्षाला एकच पीक घेतात, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. आपल्या साध्या पांढऱ्या वाइन तोडणीपासून दोन वर्षांच्या आत प्याव्यात, त्या ठेवून मुरत नाहीत. चार वर्षांपूर्वीची पांढरी वाइन कोणी सवलतीत देत असेल, तर ती सवलत घेऊ नये. फिरकीचे झाकण म्हणजे हलक्या प्रतीची वाइन, हा समजही सोडून द्यावा. बुचाला कधीकधी एक दोष लागतो, आणि मग वाइनला पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. फिरकीच्या झाकणात ती भीती जवळपास नसते. असा वास आला तर बाटली मोरीत ओतू नका, तशीच परत आणा. निदान मी तरी ती बदलून देतो.

महागाची बाटली चांगली असते का, याचे उत्तर एका वाक्यात देतो : हजार रुपयांच्या आतबाहेरची, थंड जागी राहिलेली आणि ताटाला साजेशी वाइन ही उन्हात तापलेल्या पाच हजारांच्या वाइनपेक्षा नेहमी चांगली असते.

पुण्याने या बाबतीत स्वतःला उपरे समजू नये, असेही मला मनापासून वाटते. आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात फसफसणारी वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात विकली. द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र पुण्याजवळच्या मांजरी गावी आहे. सरकारचे द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 साली आले आणि मग नाशिकने वेग घेतला, पण सुरुवातीचा मोठा टप्पा या बाजूलाही होता.

वाइन हृदयाला चांगली असते ना, असे विचारणाऱ्यांना मी हो म्हणत नाही. वाइनमध्ये 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते, आणि आरोग्याला पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. औषध म्हणून मी ती विकत नाही. जेवणाची लज्जत वाढवणारी वस्तू म्हणून, एका बाटलीत पाच ग्लास आणि ते चार-पाच माणसांत, अशी विकतो. 21 वर्षे पूर्ण झालेली दिसत नसतील तर ओळखपत्र पाहतो, मग समोर ओळखीच्या घरातले मूल का असेना.

धंद्याचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालते. आषाढी एकादशीला दुकान बंद, गटारीला पाय ठेवायला जागा नसते, श्रावणात माशा मारायची वेळ येते, अनंत चतुर्दशीला पुन्हा कुलूप. श्रावणातल्या त्या मोकळ्या दुपारी मी वही उघडून बसतो आणि जुन्या नोंदी दुरुस्त करतो.

अशाच एका दुपारी शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका आल्या. मुलगी आणि जावई परदेशातून येणार होते. माझा प्रश्न त्यांना ठाऊक होता, म्हणून त्यांनीच आधी सांगितले, ‘मसालेभात आणि भरली वांगी. घरात श्रावण पाळतात, पण जावयांसाठी एक बाटली असू दे म्हणते मुलगी.’ गोडा मसाला, शेंगदाण्याचे कूट, गूळ हे सगळे डोळ्यांसमोर आणून मी त्यांना झिनफँडेल द्राक्षाची, थोडी गोडसर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन दिली आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘आम्हाला आवडली, पण तुम्ही स्वतः खाऊन बघा आणि मला खरे काय ते सांगा.’ रात्री मी आणि पत्नीने तीच वाइन उघडून डब्यातले दोन्ही पदार्थ आलटून पालटून खाल्ले. नंतर वहीत त्या रोझेच्या पानावर लिहिले : ‘मसालेभात – उत्तम, वर तूप असल्यास अधिकच. भरली वांगी – चिंच कमी असेल तरच.’ सकाळी डबा परत देताना त्यांना तेवढेच सांगितले.