४५ मुलं, ५० मिनिटं: थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी

थायलंडच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला जाणाऱ्याने व्याकरणाचं पुस्तक उघडण्याआधी एक हिशेब मांडावा. माध्यमिकच्या, म्हणजे तिथल्या मत्थयोमच्या वर्गात ४० ते ५० मुलं सहज असतात. परदेशी शिक्षकाच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एका तुकडीचा आठवड्याला एकच तास येतो, तो ५० मिनिटांचा. आधीच्या तासाची मुलं दुसऱ्या इमारतीतून येऊन, चपला-बूट दाराबाहेर काढून बसेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. हजेरी, माइक लावणं, फळा पुसणं यात आणखी चार. उरली ३८ मिनिटं. आता एकेकाला उभं करून प्रश्न विचारला, तर तुमचा प्रश्न, मुलाचा संकोच, शेजाऱ्याची कुजबुज आणि शेवटी उत्तर यात ४० सेकंद जातात. ४५ मुलांचा अर्धा तास झाला. त्यात प्रत्येक मूल बोललं किती? ‘आय लाइक मँगो’, म्हणजे तीन सेकंद. दोन्ही सत्रं मिळून ३२-३५ तास प्रत्यक्ष झाले, तर वर्षभरात त्या मुलाच्या तोंडून दोन मिनिटंसुद्धा इंग्रजी बाहेर पडत नाही.

परदेशी शिक्षकांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि बहुतेक खऱ्याही आहेत. पण माझ्या मते सगळ्यांत मोठी अडचण ही दोन मिनिटं आहेत. बाकी सगळं त्यांच्या संदर्भात तपासावं: यामुळे मुलाचा बोलण्याचा वेळ वाढतो की घटतो?

सुरुवात नमस्कारापासून करा. मॉनिटर ओरडतो, ‘स्टँड अप प्लीज’. सगळे एका सुरात ‘गुड मॉर्निंग टीचर’. तुम्ही ‘हाऊ आर यू?’ म्हणायचं, की एकच लाट येते: ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ तापाने फणफणलेलं मूलही हेच म्हणतं. हा रिवाज मोडू नका, शाळेला तो प्रिय आहे. ‘सिट डाऊन’ म्हणण्याआधी फक्त एक भर घाला. फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवा, ‘व्हॉट डिड यू ईट धिस मॉर्निंग?’, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याला तो विचारून, उत्तर ऐकून मगच बसायचं. एका मिनिटात ४५ तोंडं उघडतात.

मुख्य कामासाठी जोडीतलं माहितीचं अंतर, म्हणजे एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याने विचारून घ्यायची, हा सगळ्यांत भरवशाचा प्रकार. उदाहरण बाजारभावाचं घेऊ. ए-फोर कागदाचे दोन तुकडे करा, एक ‘ए’चा आणि एक ‘बी’चा. दोन्हींवर तीच १२ फळं-भाज्या. ‘ए’कडे पहिल्या सहांचे किलोचे भाव, ‘बी’कडे उरलेल्या सहांचे. रिकाम्या जागा विचारून भरायच्या: ‘हाऊ मच आर द मँगोज?’, ‘दे आर सिक्स्टी बात.’ (बात हे थायलंडचं चलन.) आधी आठ मिनिटं ही दोन वाक्यं ओळीओळीने म्हणवून घ्या, मग अर्धा वर्ग विचारतो, अर्धा उत्तर देतो. त्यानंतर एका धीट मुलाला पुढे बोलावून संपूर्ण खेळ करून दाखवा. कागद सगळ्यांत शेवटी वाटा. कागद हातात पडला की सूचना कोणी ऐकत नाही. तास फसण्याचं हे एक नंबरचं कारण आहे. सूचनाही सहा शब्दांच्या आतली हवी: ‘आस्क. लिसन. राइट. डोंट लुक.’ नम्रतेसाठी लांबवलेली वाक्यं मुलांच्या डोक्यावरून जातात.

जोड्या पटावरच्या क्रमांकाने लावा, एक-दोन, तीन-चार. मैत्रीप्रमाणे बसू दिलं तर हुशार मुलगी दोघींचा कागद भरते आणि दुसरी गप्प राहते. मुलं एकमेकांच्या कागदात डोकावणारच, म्हणून पाठीला पाठ लावून बसवा. तसं बसलं की मोठ्याने बोलावं लागतं, आणि गोंगाट वाढतो. शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेला आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर त्या गोंगाटाचं कोणी वाईट मानत नाही. मुलं थाय भाषेत घसरू लागली तर ओरडून उपयोग नसतो. फळ्यावरच्या वाक्यातला एकेक शब्द दर दोन मिनिटांनी पुसत जा. वाक्य टिकवण्याच्या नादात ती इंग्रजीत राहतात. पहिल्या आठवड्यात १३ आणि ३०, १५ आणि ५० असे भाव एकत्र ठेवू नका. थाय मुलं शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर जोर देतात, त्यामुळे ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’ ओळखू येत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मात्र मुद्दाम तेच भाव घाला.

अशा तासात एका मुलाला चार-पाच मिनिटं बोलायला मिळतं. म्हणजे वर्षभराचा कोटा एका दिवसात दुपटीहून जास्त भरून निघतो.

या खेळात खऱ्या नोटा कधीही वापरू नका. प्रत्येक नोटेवर राजाचं चित्र असतं. ती जमिनीवर पडली आणि कोणाचा पाय लागला तर तो खेळ राहत नाही. राजाच्या अवमानाला तिथे कायद्याने ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. कागदाचे चौकोन कापा. त्याच शिस्तीत, पुस्तक जमिनीवर ठेवू नका, शाबासकी देताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवू नका, पायाने काही दाखवू नका. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला की आपण नमस्कार करतो, तेव्हा यातलं बरंचसं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. डोक्याचं मात्र लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे तोच हात आशीर्वादाचा असतो.

उच्चारांकडे मी जास्त वेळ देईन, कारण इथे थोड्या कष्टात पुष्कळ मिळतं. थाय भाषेत शब्दाच्या शेवटी फार थोडे ध्वनी येतात: प, त, क, तेही ओठात किंवा घशात अडकून राहिलेले, आणि म, न, ङ, शिवाय य-व सारखे अर्धस्वर. स, श, च, ल, फ यांना शेवटी जागाच नाही. म्हणून ‘बॉल’चा ‘बॉन’ होतो, ‘स्कूल’चा ‘सकून’, ‘बस’चा ‘बत’, ‘फिश’चा ‘फित’. ‘व्हाइट’, ‘वाइफ’, ‘वाइन’ आणि ‘व्हाय’ घाईत म्हटले तर चारही ‘वाय’ ऐकू येतात. मूल आळशी आहे म्हणून हे होत नाही. त्याच्या कानाला शेवटचा ध्वनी महत्त्वाचा असतो हेच कधी शिकवलेलं नसतं. परिणाम व्याकरणापर्यंत जातो: अनेकवचनाचा ‘स’ आणि भूतकाळाचा ‘ड’ दोन्ही शब्दाच्या शेवटीच येतात, आणि ते उच्चारातून गळले की वहीतूनही गळतात.

उपाय साधा आहे. शेवटचा ध्वनी आधी एकटाच म्हणवून घ्या, हाताची खूण ठरवून. ‘स’ला बोट लाटेसारखं हलवायचं, ‘ट’ला टिचकी, ‘ल’ला जिभेचं टोक वर नेल्याचं दाखवायचं. मग उलटं बांधत या: ‘स’, ‘अस’, ‘बस’. एका तासाला एकच ध्वनी, पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. ‘ल’ सगळ्यांत जड जातो. तो महिनाभर रोजच्या शब्दांत घोळवत राहा. दोन शब्दांची चित्रं भिंतीच्या दोन टोकांना लावून तुम्ही म्हणाल त्या बाजूला मुलांनी बोट दाखवायचं, हा ऐकण्याचा सराव बोलण्याच्या आधी हवा.

इथे मराठी माणसाने स्वतःचे उच्चारही तपासावेत. आपण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही ‘व’नेच भागवतो, आणि ‘थिन’ला दातामागचा ‘थ’ वापरतो. थाय भाषेतही ‘थ’ आहेच, त्यामुळे मुलं तुमचा ‘थ’ आनंदाने उचलतात आणि काहीच बदलत नाही. दातांत जीभ धरून तो ध्वनी स्वतःला नीट जमत नसेल, तर तो धडा ध्वनिफितीवर सोपवा. आपल्या बोलण्याचा वेगही निम्म्यावर आणावा लागतो.

वाक्यरचनेत मात्र मराठी शिक्षकाला मोठा फायदा आहे, कारण चूक कुठून येते ते आतून कळतं. थाय मुलं ‘क्लोज द लाइट’, ‘ओपन द फॅन’ म्हणतात. आपणही लाइट ‘बंद’ करतो, म्हणून ‘क्लोज द लाइट’ आपल्याही शाळांत ऐकू येतं. ‘इन माय हाऊस हॅव फाइव्ह पीपल’ हे थाय वाक्य जसंच्या तसं उचललेलं असतं. ‘शी ब्यूटिफुल’मध्ये ‘इज’ गळतो, कारण थायमध्ये विशेषणच क्रियापदाचं काम करतं. क्रियापद काळानुसार बदलत नाही, म्हणून ‘यस्टर्डे आय गो’. चूक दिसली की नियम सांगत बसू नका. बरोबर वाक्य एकदा म्हणा, मुलाकडून एकदा म्हणवून घ्या आणि पुढे चला.

‘डू यू अंडरस्टँड?’ हा प्रश्न तर सोडूनच द्या. उत्तर नेहमी ‘येस’ येतं. शिक्षकापुढे समजलं नाही असं म्हणायला मुलांना भीड पडते, आणि आपण चारचौघांत चुकलो तर शिक्षकालाही कमीपणा येईल असं त्यांना वाटतं. समजलं का ते कृतीतून पाहा: ‘शो मी’, ‘पॉइंट’, किंवा बोटांनी एक-दोन पर्याय. एकट्या मुलाला उभं करून चूक दाखवलीत तर ते मूल महिनाभर तोंड उघडत नाही. तीच चूक नाव न घेता फळ्यावर मांडा.

अशा १२ तुकड्या म्हणजे ५४० मुलं. वही तपासायला एकीला एक मिनिट धरलं तरी नऊ तास. म्हणून दर आठवड्याला सगळ्या वह्या मागवू नका; तुकडीतल्या दहा क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढा. ५४० नावंही लक्षात राहत नाहीत. बँक, बीअर, आइस, गोल्फ अशी टोपणनावं तीन तुकड्यांत पाच वेळा भेटतात. मुलाचा पटक्रमांक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लिहायला लावा, कारण गुणपत्रकही त्याच क्रमाने असतं. तारखांवर लक्ष ठेवा: कागदोपत्री वर्ष बौद्ध संवतातलं, म्हणजे आपल्या सनात ५४३ मिळवून. २०२५ म्हणजे २५६८.

गुणांचा विषय सगळ्यांत जास्त मनस्ताप देतो. शंभरपैकी ८० आणि वर गुण असले तर श्रेणी ४, मग दर पाच गुणांना अर्ध्याने खाली, ५० ला १ आणि त्याखाली शून्य. पण शून्य टिकत नाही. मूल पुन्हा परीक्षा देतं आणि १ घेऊन जातं; न दिलेल्या कामासाठी वेगळा शेरा, ८० टक्क्यांपेक्षा कमी हजेरीसाठी आणखी वेगळा. मार्चमध्ये दारात रांग लागते. बहुतेक शिक्षक अशा मुलांना शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावतात. तो वेळ पूर्ण वाया जातो. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात पुनर्परीक्षेचं काम ठरवा: फोनवर ध्वनिमुद्रित केलेलं एक मिनिटाचं बोलणं, पाच ठरावीक प्रश्नांची उत्तरं. ते नक्कल करता येत नाही, आणि निदान एक मिनिट तरी त्या मुलाच्या तोंडून इंग्रजी येतं.

तास बुडतात हे गृहीत धरूनच वर्ष आखा. पहिलं सत्र १६ मेला सुरू होतं, ऑक्टोबरात संपतं. दुसरं १ नोव्हेंबरपासून. जूनमधल्या एका गुरुवारी गुरुपूजन, मग क्रीडादिनाची रंगीत संघांची तालीम, स्काउटचा दिवस, बौद्ध सण. बातमी बहुधा त्याच सकाळी मिळते, कारण सूचना थाय भाषेतल्या चॅट-गटात फिरलेली असते. एखाद्या थाय सहकाऱ्याशी रोज आठचं राष्ट्रगीत संपल्यावर दोन शब्द बोलायची सवय ठेवा. आठवड्यांऐवजी धड्यांचे क्रमांक लिहा, म्हणजे मागे पडलेली तुकडी वेगळी सांभाळता येते. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की ऐकण्याचा पाठ होऊच शकत नाही. लेखनाचा एक तास कायम राखीव ठेवा. कमरेला लावायचा छोटा माइक स्वतःचा घ्या. पंख्यांच्या आवाजावर रोज ओरडलं तर घसा सत्राच्या मध्यावर बसतो.

आता कागदपत्रं, कारण यात चूक झाली तर वर्गापर्यंत पोचताच येत नाही. पदवीचं साक्षांकन आणि पोलीस क्लिअरन्स भारतातूनच करून न्या. नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी या तिन्ही गोष्टी शाळेने उभ्या केल्या पाहिजेत. पर्यटक व्हिसावर ‘आधी सुरू करा, मग बघू’ म्हणणाऱ्याला नकार द्या. घरमालकाने २४ तासांत तुमच्या राहण्याची नोंद करायची असते. ती नसेल तर पुढचं काम अडतं. दर ९० दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवायचा, मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. दिवाळीला घरी यायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्या, एका वेळचं १,००० बात, अनेक वेळांचं ३,८००. ते न घेता विमानात बसलात तर थायलंडमध्ये राहण्याची मिळालेली वर्षभराची मुदतवाढ तिथेच संपते.

आणि पगार. भारतीय पासपोर्ट ‘नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा मानलेल्या देशांच्या, यादीत बसत नाही, म्हणून तेच काम करूनही कमी आकडा सांगितला जातो. हा अन्याय आहे आणि तो गप्प बसून गिळू नये. टोईक या इंग्रजीच्या परीक्षेतला चांगला गुणांक आणि नमुना पाठ घेऊन बोलणी करा. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवता येत असेल तर इंग्लिश प्रोग्रॅमच्या तुकड्या मागा, तिथे वर्गात मुलं ३० च्या आसपास असतात. एजन्सीचा करार असेल तर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: करार १० महिन्यांचा की १२, मार्च-एप्रिलचा पगार मिळतो का, व्हिसाचा खर्च कोणाचा, आणि मध्येच काम सुटलं तर किती दिवस आधी सांगायचं. शेवटचा मुद्दा विशेष तपासा, कारण राहण्याची मुदतवाढ नोकरीला बांधलेली असते आणि नोकरी संपते त्याच दिवशी तीही संपते.