रिअलटेकची नवी वायफाय चिप आणि डेबियन: माझा अनुभव

ताईच्या नव्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सवरची एक मोफत कार्यप्रणाली) टाकलं. टचपॅड, आवाज, मराठी कीबोर्ड सगळं पहिल्या फटक्यात चाललं, फक्त वायफायचं चिन्ह कुठेच दिसेना. खोक्यावर नुसतंच 'वायफाय ६' छापलेलं. एलएसपीसीआय (आतले भाग ओळखून दाखवणारी कमांड) चालवल्यावर कळलं की आत रिअलटेक कंपनीची ८८५२बीई चिप आहे, ओळखक्रमांक १०ईसी:बी८५२. असा प्रसंग आला तर आधी हा क्रमांक काढा. मॉडेलच्या नावावरून शोधत बसू नका, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी वायफाय कार्डं निघतात.

क्रमांक हातात आल्यावर कारणही सापडलं. रिअलटेकच्या या पिढीच्या चिपा चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आरटीडब्ल्यू८९. तो जानेवारी २०२२ मध्ये लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ५.१६ आवृत्तीबरोबर आला, तेव्हा त्यात ८८५२एई होती. ८८५२बीईची भर पडली ६.२ मध्ये, फेब्रुवारी २०२३ ला. डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये, पण ६.१ वर, कारण दीर्घकाळ सांभाळली जाणारी मालिका तीच होती. अवघ्या एका आवृत्तीची चुकामूक!

तात्पुरतं इंटरनेट फोनवरून घेतलं. यूएसबी केबल जोडून टेदरिंग सुरू केलं की डेबियनला ते साधं वायरचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग लिनक्सच्या ड्रायव्हरांवर काम करणाऱ्या लॅरी फिंगर यांनी जुन्या कर्नलांसाठी जुळवून ठेवलेला आरटीडब्ल्यू८९ चा कोड उतरवला आणि डीकेएमएस या साधनाने आपल्या कर्नलसाठी बांधला. बांधणी सुरळीत झाली, पण तयार झालेलं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवायचा ड्रायव्हरचा तुकडा) चढेना. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असताना कर्नल सहीशिवाय बाहेरचं मॉड्यूल आत घेत नाही. डीकेएमएसने सहीसाठी स्वतःची किल्ली तयार केलेलीच होती. ती नोंदवायला दिली, एक तात्पुरता पासवर्ड ठरवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. निळा पडदा येतो, तिथे किल्ली नोंदवायचा पर्याय निवडून तोच पासवर्ड टाकायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो, म्हणून त्या वेळी मशीनसमोरून हलू नका. सिक्युअर बूट सरळ बंद करा, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. पाच मिनिटांच्या कामासाठी दुसऱ्याच्या लॅपटॉपचं संरक्षण का काढायचं?

वायफाय सुरू झालं. माझा स्वतःचा लॅपटॉप असता तर मी इथेच थांबलो असतो. पण ताई शाळेत शिकवते, साताऱ्याला राहते, आणि तिने आधीच बजावलं होतं, "अरे, मला रोज कमांडा मारायला लावू नकोस हं." बाहेरून बांधलेल्या ड्रायव्हरचं नेमकं हेच दुखणं असतं. कर्नलच्या आतल्या रचना आवृत्तीगणिक बदलतात, त्या तशाच ठेवू असं वचन कर्नलवाल्यांनी कधी दिलेलंच नाही. एखाद्या फंक्शनला एक जास्तीचं आर्ग्युमेंट जोडलं, तर कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त होतात, बाहेरचा मात्र मोडतो. अद्ययावत केल्यावर सोमवारी सकाळी वायफाय गेलं, तर ताईने काय करायचं? माझ्या लेखी चिप चालायला लागली म्हणजे काम झालं असं नाही. तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये हवा.

म्हणून तो ड्रायव्हर काढून टाकला आणि बॅकपोर्ट्समधून (चालू डेबियनसाठी नव्या आवृत्त्या देणारा डेबियनचाच साठा) नवा कर्नल बसवला. पुन्हा सुरू केलं तर वायफाय पुन्हा गायब! कर्नलच्या नोंदींत एकच ओळ: आरटीडब्ल्यू८९ च्या फोल्डरमधली 'आरटीडब्ल्यू८८५२बी_एफडब्ल्यू-१' ही फाइल चढवता आली नाही, त्रुटी उणे २. उणे २ म्हणजे फाइलच जागेवर नाही. या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी ड्रायव्हरच तिला पुरवतो. नवा ड्रायव्हर नव्या नावाची फाइल मागत होता, डिस्कवर जुन्या नावाची होती. रिअलटेकचं फर्मवेअर पॅकेजही बॅकपोर्ट्समधून घेतलं आणि पुढच्या बूटला घरचं नेटवर्क दिसलं. कर्नल आणि फर्मवेअर जोडीनेच घ्यायचे, हे लक्षात ठेवा.

एक दुखणं उरलं होतं. लॅपटॉप थोडा वेळ नुसता पडून राहिला की जोडणी तुटायची. काही लॅपटॉपांत पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड ज्या मार्गाने जोडलेलं असतं त्याची) वीजबचत आणि हे कार्ड यांचं जमत नाही. त्यासाठी ड्रायव्हरमध्येच सोय आहे: आरटीडब्ल्यू८९_पीसीआय या मॉड्यूलला एल१ आणि एल१एसएस या बचतीच्या अवस्था बंद करायला सांगणारी एक ओळ मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या साधनाच्या) फोल्डरमध्ये लिहायची. बॅटरी किंचित जास्त लागते, पण जोडणी टिकते.

हे करताना लॅरी फिंगर यांच्याबद्दल वाचलं आणि मन भरून आलं. ते मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ, कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत खनिजांची रचना अभ्यासणारे. एल साल्वादोरच्या इसाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या एका खनिजाला त्यांच्यावरून 'फिंगराइट' नाव मिळालं आहे. पुढे त्यांनी आधी ब्रॉडकॉमच्या आणि मग रिअलटेकच्या ड्रायव्हरांवर वर्षानुवर्षं काम केलं. आरटीडब्ल्यू८९ ची मुख्य धुरा रिअलटेकचे अभियंता पिंग-के शिह सांभाळतात. फिंगर तोच कोड जुन्या कर्नलवाल्यांपर्यंत पोहोचवत राहिले. जून २०२४ मध्ये ते गेले. माझ्यासारख्या किती जणांचं पहिलं वायफाय त्यांच्यामुळे चाललं असेल!

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, कर्नल ६.१२ सह. ताईचा लॅपटॉप त्यावर नेला तेव्हा बॅकपोर्ट्सची गरजच राहिली नाही, वीजबचतीची ती ओळ मात्र ठेवली आहे. आता तिच्या शाळेतल्या एका बाईंना लॅपटॉप घ्यायचा आहे. त्यांना डेबियन १३ चा लाइव्ह पेनड्राइव्ह (लॅपटॉपवर काही न बसवता चालणारा) करून दिलाय आणि सांगितलंय की दुकानदार हो म्हणाला तर त्यावरून मशीन सुरू करा, एलएसपीसीआयचा फोटो मला पाठवा, पैसे नंतर द्या.