गब्बरच्या सहा गोळ्या

आज दुपारी भाच्याला शेजारी बसवून १९७५चा ‘शोले’ पुन्हा पाहिला. या वेळी जीव अडकला तो गब्बरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये.

सहा गोळ्या. तीन हवेत उडवल्या, उरल्या तीन, आणि समोर माणसंही तीनच. मग तो चक्री गरकन फिरवतो आणि एकेकावर रोखून चाप ओढतो. खट्. खट्. खट्. तिघंही वाचतात! आणि हसण्याचा गडगडाट ओसरला की तिघंही जातात. भाच्याला कागदावर सहा घरं काढून दाखवली: तीन रिकामी सलग, तीन भरलेली सलग. तिन्ही खटके फुकट जायची शक्यता सहात एक, पण तसं झालं की पुढच्या तिन्ही गोळ्या सुटणारच. हिशेब चोख!

त्या काळी कितीतरी चित्रपटांत नायकाचं पिस्तूल मारामारी संपेपर्यंत झडतच राहायचं, गोळ्या भरताना कुणी दिसायचं नाही. सलीम-जावेदनी इथे गोळ्या मोजल्या, म्हणून तर कालियाबरोबर आपल्यालाही घाम फुटतो. हल्ली पडद्यावर मशीनगन धडधडते, माणसं पटापट पडतात, एकाचाही चेहरा लक्षात राहत नाही. आपल्या विजू खोटेंचा तो भेदरलेला चेहरा मात्र मी कधीच विसरणार नाही. काय काम केलंय त्या माणसाने!