आमची वाटचाल : आधी आई पाहावी

तळेगाव दाभाडे येथे आम्ही पर्शियन जातीच्या मांजरांची पैदास करतो. २०१२ साली पुण्यातील राहत्या सदनिकेत एक बोका आणि दोन माद्या घेऊन आम्ही पती-पत्नींनी या व्यवसायास आरंभ केला आणि जागा अपुरी पडू लागल्यावर येथे येऊन स्थिरावलो. व्यवसाय आजही लहानच आहे. तो आम्ही समजून-उमजून लहान ठेवला आहे, कारण जबाबदारीने केलेल्या पैदाशीत खर्चाचा मोठा भाग विक्रीच्या फार आधी होऊन गेलेला असतो.

आरंभीच्या काळात येणारा जवळजवळ प्रत्येक दूरध्वनी ‘पंच फेस आहे का?’ या प्रश्नाने सुरू होई. बाजारात पर्शियन मांजराची प्रतवारी चेहऱ्यावरून केली जाते : अगदी चपटा तो पंच, थोडा कमी चपटा तो सेमी पंच आणि नाक स्पष्ट दिसणारा तो डॉल फेस. त्याला ‘ट्रिपल कोट’ (म्हणजे अतिशय दाट केस) हे बिरुद जोडले की भाव आणखी चढतो. ही सारी विक्रेत्यांची परिभाषा असून तिच्यातली वरची प्रत म्हणजे अधिक निरोगी मांजर, असे मुळीच नाही. उलट चेहरा जितका चपटा, तितकी अश्रुनलिका वळते, डोळ्यांतून सतत पाणी वाहते आणि अरुंद नाकपुड्यांमुळे उन्हाळ्यात मांजराला धाप लागते. म्हणून मोकळ्या नाकपुड्या आणि मध्यम चेहरा असलेलीच मांजरे आम्ही पैदाशीसाठी निवडत आलो. त्यापायी काही गिऱ्हाइके गेली, पण ती जाणारच होती.

आमच्या कामाला खरे वळण लागले ते मूत्रपिंडाच्या आजाराच्या चाचणीमुळे. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडांमध्ये द्रवाने भरलेल्या पुटी वाढत जाण्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो. पशुवैद्यक त्याला पीकेडी म्हणतात. पुटी लहानपणापासून असतात, पण मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याची लक्षणे बहुधा मांजर सात-आठ वर्षांचे झाल्यावर दिसतात आणि तोवर एखाद्या मादीची अनेक वेते होऊन गेलेली असतात. सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडून आले तरी आजार होण्यास पुरते, त्यामुळे अशा जनकाच्या पिल्लांपैकी सरासरी निम्मी पिल्ले तो आजार घेऊनच जन्मतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००४ साली पीकेडी१ या जनुकातील कारणीभूत बदल शोधून काढला. तेव्हापासून गालाच्या आतील बाजूवर काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यावरून, मांजराचे वय कितीही असो, ही चाचणी करता येते. पिल्लू डोळ्यांना कितीही टवटवीत दिसले तरी त्यावरून याबाबत काहीच कळत नाही. जे कळते ते आई-वडिलांच्या अहवालावरून.

याच कारणासाठी आम्ही येणाऱ्यांना आधी आई दाखवतो, मग अहवाल आणि शेवटी पिल्ले. अहवालावर मांजराच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा (ओळखचिपचा) क्रमांक असावा आणि तो आपल्यासमोर स्कॅनरने मांजरावर पडताळून पाहता यावा, कारण क्रमांक नसलेला अहवाल कोणत्याही मांजराचा असू शकतो. बोका पुष्कळदा दुसऱ्या पैदासकाराचा असतो, तेव्हा तो पाहावयास मिळाला नाही तर त्यात वावगे काही नाही. मात्र त्याचाही अहवाल मागावा. चाचणीत सदोष ठरलेल्या मादीची आम्ही नसबंदी करतो आणि तिचे खाणे व औषधपाणी पुढे वर्षानुवर्षे आमच्याकडेच चालते. किमतीविषयी घासाघीस करणाऱ्यांना हा हिशेब सांगितला की बहुतेकांना तो पटतो.

रक्तगटाची बाब त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. मांजरांत प्रामुख्याने ए आणि बी हे दोन गट असतात. बी गटाच्या मादीच्या चिकात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिद्रव्ये असतात. तिचे मीलन ए गटाच्या बोक्याशी झाले, तर वडिलांचा गट घेऊन जन्मलेली पिल्ले पहिले दूध पिऊन एक-दोन दिवसांत दगावू शकतात. जोडी जमवण्यापूर्वी दोघांचा रक्तगट पाहिला की हे टळते.

लांब केसांमुळे पर्शियन मांजरांना नायट्याचा त्रास अधिक होतो आणि तो माणसांनाही लागतो. म्हणून बाहेरून आलेले मांजर बुरशीच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत राहते. मावळातील पावसाळ्यात हा नियम पाळणे कंटाळवाणे असले तरी आजवर तो मोडलेला नाही.

‘लहान असतानाच द्या, म्हणजे लळा लागेल,’ असा आग्रह आजही होतो. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांना सरावते, हे खरे आहे. परंतु त्यासाठी ते आमच्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या आवाजात आणि पाहुण्यांच्या मांडीवर वाढते. आईपासून तोडल्याने तो सराव वाढत नाही. ट्रायकॅट या मांजरांच्या संयुक्त लशीच्या दोन मात्रा आणि रेबीजची लस होईपर्यंत, म्हणजे साधारण तेरा-चौदा आठवडे, पिल्लू आमच्याकडेच राहते. ज्या घराच्या खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी नाही, त्या घरी ती बसवल्याचे छायाचित्र आल्याखेरीज आम्ही पिल्लू देत नाही आणि बसच्या डिकीतून तर कुठेच पाठवत नाही. पाळण्यासाठी दिलेल्या पिल्लाची नसबंदी करण्याची आणि काही कारणाने ते सांभाळता न आल्यास आम्हालाच परत देण्याची अट करारात असते.

कागदपत्रांबाबत थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. २०१७ चे केंद्रीय पैदास नियम केवळ श्वानांसाठी आहेत. मांजरांच्या विक्रीला २०१८ चे पाळीव प्राणी दुकानविषयक नियम लागू होतात आणि त्यांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. सीएफए, टिका किंवा डब्ल्यूसीएफ या मांजरांची वंशनोंद ठेवणाऱ्या संस्थांचे नोंदणीपत्र वंशावळ सांगते, मात्र त्याला आरोग्याची हमी समजू नये. आमच्या मते वंशावळीपेक्षा चाचण्यांचे अहवाल अधिक बारकाईने वाचावेत, आणि दोन्हींपैकी काहीही दाखवण्यास टाळाटाळ होत असेल तर तेथून उठावे.

मध्यंतरी मेन कून आणि स्कॉटिश फोल्ड यांची मागणी वाढली आणि आम्ही दोन्हींना नकार दिला. मेन कूनमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. त्यास कारणीभूत असलेला एक जनुकीय बदल २००५ साली सापडला असला, तरी तो नसलेल्या मांजरालाही आजार होऊ शकतो, त्यामुळे पैदाशीच्या मांजरांची इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) वेळोवेळी करावी लागते, आणि ती सोय आमच्या आवाक्यात नव्हती. स्कॉटिश फोल्डचा प्रश्नच वेगळा आहे : ज्या दोषामुळे त्याचे कान दुमडतात, तोच दोष पायांच्या आणि शेपटीच्या सांध्यांनाही ग्रासतो. तशी पैदास कुणीच करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

सध्या आमच्या एका मादीने पैदाशीतून निवृत्ती घेतली असून तिची मुलगी तपासण्या पूर्ण होण्याची वाट पाहत आहे. अहवाल निर्दोष आले तर पुढचे वेत दिवाळीनंतर होईल आणि प्रतीक्षा यादीतील कुटुंबांना त्याआधी आई पाहण्यासाठी बोलावले जाईल.