गुडघा चालला, फाइल अडली

गुडघा बदलायच्या ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाहीच. कमरेखालचा भाग बधिर केला होता, पडद्यापलीकडून सुतारकाम चालल्यासारखी ठोकाठोक ऐकू येत होती आणि मध्येच मला झोप लागली. संध्याकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी वॉकर घेऊन आली. "काकू, चला, उठायचंय." मला वाटलं, गंमत करतेय. पण आता मांडीत नसेभोवती इंजेक्शन देऊन गुडघ्याची कळ अडवतात आणि मांडीचं बळ मात्र बरंचसं शाबूत राहतं. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून वेगळं औषध असतं. त्यामुळे बहुतेकांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करतात. मी खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले. वैद्यकशास्त्राला साष्टांग नमस्कार घातला असता, पण तो आता जमणार नाही.

अडलं ते डिस्चार्जच्या दिवशी, कॅशलेसपाशी, म्हणजे विमा कंपनी हॉस्पिटलचं बिल परस्पर भरते त्यापाशी.

सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "आज घरी." सिस्टरनी हाताची सुई काढली, ह्यांनी पिशव्या भरल्या, मुलाने हाफ डे टाकला. फायनल बिल विमा कंपनीकडे गेलं आणि आम्ही वाट बघत बसलो. दुपारी जेवणाची ट्रॉली आमच्या दारावरून सरळ पुढे गेली. विचारलं तर मावशी म्हणाल्या, "तुमचा डिस्चार्ज झालाय ना? किचनच्या लिस्टीत नाव नाही." डिस्चार्ज झालेली बाई गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून त्यांच्यासमोर बसलेली! शेवटी ह्यांनी खालून इडली आणली.

इन्शुरन्स डेस्कवर एकच पालुपद: "प्रोसेसमध्ये आहे, सर." मुलगा तिथेच ठाण मांडून बसला, तेव्हा कळलं की कंपनीची क्वेरी, म्हणजे शंका विचारणारं पत्र, केव्हाच येऊन पडली आहे. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. क्वेरी अशी: पेशंटला गुडघेदुखी दहा वर्षांपासून, पॉलिसी तीन वर्षांची, तर खुलासा करा. म्हणजे दुखणं लपवून विमा काढला, असा संशय!

दहा वर्षं आली कुठून? ॲडमिट होताना एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं होतं, "किती वर्षं दुखतंय?" मी तोंड उघडायच्या आत हे बोलून मोकळे, "अहो, कधीपासूनच! दहा वर्षं तरी झालीच असतील." सिंहगड चढून आल्यावर दोन दिवस पाय धरायचे, ते ह्यांनी हिशोबात धरलं. एक्सरेवर सांधा झिजल्याचं निदान अगदी अलीकडचं. पण केसपेपरवर गेलं ते गेलं.

आणि पॉलिसी तीन वर्षांची नव्हतीच. विमा २०१४ पासून सलग चालू आहे, तीन वर्षांपूर्वी आम्ही फक्त कंपनी बदलली, म्हणजे पॉलिसी पोर्ट केली. पोर्ट केल्यावर आधीची वर्षं धरली जातात. शिवाय सलग ६० महिने झाले की आजार लपवला असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पोर्ट करताना ही सगळी माहिती याच कंपनीने जुन्या कंपनीकडून घेतली होती. तरी कागद आम्हीच आणायचे! मुलगा भर ट्रॅफिकमध्ये कर्वे रोडने कोथरूडला घरी गेला, कपाटातून जुन्या पॉलिस्या काढून आणल्या. त्या पाठवल्यावर नवी क्वेरी: पहिल्या तपासणीचा कागद. तो हॉस्पिटलच्याच फाइलमध्ये होता. दिवेलागणीनंतर मंजुरी आली.

विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. आमच्या बिलात संध्याकाळी नर्सिंगचा जादा आकार चढला होता. वॉकर घेऊन मी स्वतः काउंटरवर गेले, परिपत्रक मोबाइलवर दाखवलं आणि तो आकार खोडून घेतला. माझं नव्या गुडघ्याचं पहिलं मोठं चालणं तेच.

तेव्हा जुन्या पॉलिस्या आधीच मोबाइलमध्ये ठेवा. "कधीपासून दुखतंय" याचं उत्तर पेशंटने स्वतः द्यावं, निदानाची तारीख सांगून. बिलात बसवलेल्या कृत्रिम सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहिलेला हवा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा दीड लाखापुढचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. पुढे आकडे थोडे बदलले, पण मर्यादा आहे. हातमोजे, टोप्या वगैरेंचे पैसे मात्र बहुधा आपल्याच खिशातून जातात.

घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी घ्यायचा मोह होतो, घेऊ नका. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, कारण पाय पूर्ण सरळ होणं वाकण्याइतकंच महत्त्वाचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. वॉकर, कमोडची खुर्ची विकत घेऊ नका, डिपॉझिटवर वापरायला देणाऱ्या संस्था पुण्यात आहेत. पोटरी एकाएकी सुजली, दुखली तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा, रक्ताची गुठळी असू शकते. व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी घेतली की रडू कमी येतं, हे मात्र डॉक्टरांना विचारून.

कंपनीकडे तक्रार केली, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकली. उत्तर आलं: "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." क्वेरी आली तेव्हाच आम्हाला का कळवली नाही, यावर एक ओळ नाही. मी पुन्हा लिहिलंय. महिन्याभरात धड उत्तर आलं नाही तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालांकडे जाणार, फी लागत नाही आणि ऑफिस नारायण पेठेतच आहे. पाहिजे तर चालत जाईन.