भाऊंची स्टिक आणि बाईंचा तास

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे मुख्याध्यापिकाबाईंचे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली, पटांगणावरचे सामने असे बरेच काही आठवले. पण लिहावेसे वाटले ते केवळ एका तासाविषयी. तो तास १९६७ सालचा, आठवी ‘अ’मधला, आमच्या मराठीच्या बाईंचा. त्यांचे नाव मी लिहीत नाही. स्वतःचे नाव छापून येण्याचा त्यांना मनापासून संकोच होता, आणि त्या काळी आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले तरी कोणाविषयी बोलणे चालले आहे हे पहिलीच्या मुलालाही कळत असे.

माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे (खिळे) जुळवून मजकूर तयार करणारे कारागीर, होते. गिरगावात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले ते १८३१ साली मुंबईतच. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर सुरू केला आणि त्या छापखान्याच्या देवनागरी खिळ्यांचे वळण दूरवर नावाजले गेले. आमच्या लहानपणी ठाकूरद्वारापासून मुगभाटापर्यंत चालत गेले, तर एखाद्या तळमजल्यावरून पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनचा आवाज हमखास कानी पडे. १९६४च्या मार्चअखेर ट्राम बंद झाली, तिचा खडखडाट थांबला, पण हा आवाज पुढे कित्येक वर्षे टिकला. छापखाने एवढे असूनही खिळे जुळवण्याच्या कामाला विद्या मात्र कोणी म्हणत नसे. बाई म्हणत.

प्रसंग तसा लहानसाच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले होते आणि ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरें’ यांवरचे अनुस्वार आता द्यायचे नाहीत, असे बाई शिकवीत होत्या. मी हात वर करून म्हणालो, “बाई, पण आमचे भाऊ अजून हे अनुस्वार लावतात.” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. भाऊ काय काम करतात, हे त्यांनी नीट विचारून घेतले आणि मधल्या सुट्टीत माझ्याजवळ एक चिठ्ठी दिली. आपणांस सवड असेल त्या शनिवारी वर्गाला आपल्या कामाची ओळख करून द्यावी, अशी विनंती तीत होती.

भाऊ अर्धा दिवस बिनपगारी रजा घेऊन आले. धुतलेले धोतर, इस्त्रीचा सदरा, बोटांच्या पेरांत मात्र कायमची मुरलेली शाई. मालकांच्या परवानगीने आणलेले खिळे एका डब्यात होते आणि सोबत त्यांची स्वतःची स्टिक (खिळ्यांची ओळ जुळवायची हातात धरायची पट्टी), चिमटा आणि प्रूफ पाहायचे भिंग. बाईंनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवले आणि आपण मुलींच्या पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या. आमच्याबरोबर त्याही टिपणे घेत होत्या, हे मी स्वतः पाहिले आहे.

भाऊ घरी फारसे बोलत नसत. त्या दिवशी बोलले. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, ती अंगठ्याला लागली की अक्षर सुलटे बसले की उलटे हे न पाहता कळते, हे त्यांनी दाखवले. ओळ स्टिकमध्ये डावीकडून उजवीकडेच भरायची, पण अक्षरे पाय वर करून, उलटी, आणि वाचायचीही तशीच. इंग्रजीच्या जुळाऱ्याचे दोन ‘केस’मध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या दोन पेट्यांत, भागते. मराठीच्या जुळाऱ्याला जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो खणांच्या जागा हाताला पाठ कराव्या लागतात. खिळे लोखंडाचे का नसतात, असे कोणीतरी विचारले, तेव्हा शिशात अँटिमनी आणि कथील का मिसळतात, नुसते शिसे दाबाखाली कसे चेपते, हे त्यांनी एखाद्या प्राध्यापकाने सांगावे तसे सांगितले. सर्वांत नाजूक कोण, असे बाईंनी विचारले. “रफार,” भाऊ म्हणाले. “त्याचे टोक खिळ्याच्या अंगाबाहेर आलेले असते. जरा धक्का लागला की मोडते.”

मग त्यांनी ‘वर्ग आठवी अ, मराठीचा तास’ ही ओळ आमच्यादेखत जुळवली. शेवटी उरलेली फट बारीक स्पेस घालून अशी भरली की, स्टिक तिरपी धरली तरी एकही अक्षर हलले नाही. बोटाने शाई फिरवून त्यांनी वहीचा कागद वर दाबला आणि उचलला. वर्गातल्या प्रत्येकाला तो कागद हातात घ्यायचा होता.

अनुस्वाराचा प्रश्न बाईंनी शेवटी काढला. भाऊंनी शांतपणे सांगितले की, जुन्या लेखकाची प्रत आली तर त्याने दिलेला अनुस्वार आम्ही काढत नाही. तो अधिकार आमचा नव्हे. यावर बाई उठून वर्गाकडे वळल्या आणि म्हणाल्या, “परीक्षेत तुम्ही नव्या नियमांनी लिहा. पण जुने पुस्तक उघडाल, तेव्हा तिथला प्रत्येक अनुस्वार कोणीतरी बोटाने उचलून जागेवर बसवला आहे, हे लक्षात असू द्या.” आज माझ्या मराठीला जी काही शिस्त आहे, ती या दोन वाक्यांनी लावली.

पुढे ऑफसेट आणि फोटोटाइपसेटिंग ही बिनखिळ्यांची तंत्रे आली आणि ऐंशीच्या दशकात भाऊंच्या छापखान्याने खिळे वजनावर विकून टाकले. त्या संध्याकाळी भाऊंनी स्टिक, चिमटा, भिंग आणि पायका या मापाचे मूठभर खिळे एका पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या हाती दिले. डब्याच्या तळाशी बाईंची ती चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली. आपल्याला कोणीतरी ‘आपणांस’ म्हणून लिहिले होते, याचे मोल त्यांनी इतकी वर्षे कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते.

मी मुद्रितशोधक झालो, नंतर संपादनात गेलो. निवृत्तीनंतरही कोशाचे, संशोधनाचे काम विश्वासाने माझ्याकडे येते, याचा मला अभिमान आहे आणि त्याचे श्रेय मी बाईंना देतो. त्यांच्याएवढा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही. आता गिरगावात गेलो की वाईट वाटते. मेट्रोसाठी काही इमारती गेल्या, काहींच्या जागी मनोरे आले, आमची चाळही उरली नाही. दुकानांच्या पाट्यांवरचा रफार भलत्याच अक्षरावर बसलेला असतो आणि कोणाला खटकत नाही. ज्या आठवीच्या चार तुकड्या भरत, त्या आपल्या मराठी माध्यमाच्या एका तुकडीसाठी आज शिक्षकांना घरोघरी फिरावे लागते, हे ऐकून तर मन फार अस्वस्थ झाले.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागवल्या आहेत, असे पत्रात आहे. भाऊंचा डबा मी शाळेला कायमचा द्यायचे ठरवले आहे. माझी अट एकच, आणि ती मुख्याध्यापिकाबाईंना कळवली आहे: तो काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नये. आठवीच्या मुलांना खिळे हाताळू द्यावेत, त्यांच्याकडून एखादी ओळ जुळवून घ्यावी. दाखवायला माणूस हवा असेल, तर शनिवारी सकाळी मी येईन.